आकड्याबरोबर चूकही मोजणारे महालनोबिस



आपल्या भागातल्या कुटुंबाचं उत्पन्न अमुक इतकं, असा आकडा पेपरात छापून येतो. पारावर तो वाचला जातो आणि लगेच कुणीतरी विचारतं, आमच्या घरी कोण आलं होतं विचारायला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधण्यात एका माणसाचं आयुष्य गेलं. त्यांचं नाव प्रशांतचंद्र महालनोबिस.

त्यांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कलकत्त्यात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेज आणि नंतर केंब्रिज इथं ते पदार्थविज्ञान शिकले. १९१५ साली मायदेशी परतताना ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे अंक त्यांच्या हाती पडले आणि ते संख्याशास्त्रात रमले. नोकरी पदार्थविज्ञान शिकवण्याची, ध्यास मात्र आकड्यांचा. १९३१ साली त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था काढली, तीही कॉलेजातल्या एका खोलीत.

१९३७ पासून त्यांनी बंगालमधल्या तागाच्या पेऱ्याची पाहणी हाती घेतली. तोवरचे अंदाज म्हणजे आपल्या नजरअंदाज आणेवारीचाच प्रकार. प्रत्येक शेत मोजायचं तर पैसा आणि वेळ दोन्ही पुरेनात. म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ठिकाणं निवडली आणि तेवढीच मोजली. नमुना पाहणी म्हणतात ती हीच. त्यातही एक युक्ती केली. एकाच भागात दोन वेगळे नमुने घ्यायचे आणि दोन वेगळ्या तुकड्या पाठवायच्या. दोघींचे आकडे जवळ आले तर भरवसा वाढतो, लांब गेले तर सावध व्हायचं. म्हणजे आकड्याबरोबर त्याची कच्ची बाजूही हाती येते.

पण दोन्ही तुकड्या एकसारखीच चूक करत असतील तर? हा मुद्दा आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्या कामातून पुढं आला. पीक कापणी प्रयोगात महालनोबिसांचा कल छोट्या तुकड्याकडे होता. सुखात्म्यांनी दाखवलं, की तुकडा फार छोटा घेतला तर कडेची ताटं आत धरली जातात आणि उतारा फुगतो. अशी चूक कितीही शेतं कापली तरी कमी होत नाही.

१९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष महालनोबिस आणि सदस्यांत आपले धनंजयराव गाडगीळ. खेड्यापाड्यांतली माहितीच अपुरी होती, म्हणून १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. या पाहणीनं मुख्य भर घरखर्चावर दिला. कारण उघड आहे. शेतकऱ्याला पगाराची पावती नसते. घरचं धान्य, दूध, कडबा, उसनवारी यांचा हिशेब तो सांगणार कसा? उत्पन्न बहुधा कमीच सांगितलं जातं आणि ही चूक दोन्ही तुकड्यांना सारखीच फसवते.

उतारवयात त्यांनी आणखी एक पद्धत मांडली. घरं खर्चाच्या चढत्या क्रमानं लावायची, सारख्या संख्येचे गट पाडायचे आणि दोन्ही नमुन्यांच्या रेघा एकाच आलेखावर काढायच्या. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे अंदाजातली अनिश्चितता.

क्रम का लावायचा, ते बघा. समजा पाच घरांचं वर्षाचं उत्पन्न ६० हजार, ८० हजार, १ लाख, १ लाख २० हजार आणि १५ लाख आहे. सरासरी येते ३ लाख ७२ हजार! चार घरं त्याच्या आसपासही नाहीत. मधल्या घराचं उत्पन्न, म्हणजे मध्यक, १ लाख. गावाची खरी स्थिती मध्यकच सांगतो.

आता अडचण अशी, की राज्यासाठी पुरणारा नमुना तालुक्यावर आणला तर हाती मोजकीच घरं उरतात. गावाला तर कधी एकही नाही. आणि नमुन्याची चूक निम्मी करायची तर घरं दुप्पट नव्हे, चौपट लागतात. म्हणून भाग जितका छोटा, तितका आकडा डळमळीत.

२८ जून १९७२ रोजी महालनोबिस गेले. २००७ पासून त्यांचा जन्मदिवस सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

तेव्हा यापुढं आपल्या भागाचा आकडा दिसला, की चार प्रश्न जरूर विचारा. किती घरं पाहिली? सरासरी की मध्यक? वर-खाली किती धरायचं? आणि उत्पन्न विचारलं की खर्च? शेजारच्या तालुक्यापेक्षा आपला आकडा पाच हजारांनी कमी आणि चुकीची मर्यादा दहा हजारांची असेल, तर तेवढ्यावरून आपला तालुका गरीब ठरत नाही, की शेजारचा श्रीमंत. आणि पाहणीवाला दारात आला तर त्याला बसवा, पाणी द्या आणि हिशेब आहे तसा सांगा. नमुन्यात आपलं एक घर पुष्कळ घरांच्या वतीनं बोलत असतं.