इंजिनिअर नसलेल्या गिल्बर्ट ब्रिग्जनी लोकांना घरच्या घरी स्पीकर सुधारायला शिकवलं

जुना लाकडी स्पीकर मागून उघडला की आत एक-दोन कंडेन्सर आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं दिसतं. हाच क्रॉसओव्हर. कॉइल जाड आवाज मोठ्या वूफरकडे जाऊ देते, कंडेन्सर बारीक आवाज छोट्या ट्विटरकडे. थोड्या पैशांत हे घरीही जमतं, हे सामान्य माणसाला पटवणाऱ्यांत गिल्बर्ट ब्रिग्ज यांचं नाव मोठं आहे.

आणि हा गडी इंजिनिअर नव्हताच!

१८९० साली इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये त्यांचा जन्म झाला. उमेदीची वर्षं कापडाच्या धंद्यात गेली. नाद मात्र पियानोचा. १९३२ साली, ऐन मंदीत आणि चाळिशी उलटल्यावर, त्यांनी इल्कलीच्या राहत्या घराच्या तळघरात स्पीकर बनवायला घेतले. तिथल्या नदीखोऱ्याचं नाव कंपनीला दिलं, व्हार्फडेल. ब्रॅडफर्डच्या रेडिओ सोसायटीच्या स्पर्धेत पहिली दोन्ही बक्षिसं त्यांच्याच स्पीकरना मिळाली आणि गाडी रुळावर आली.

खरी उडी १९४५ची. तोवर बहुतेक घरांत एकच कागदी कोन ढोलही वाजवायचा आणि व्हायोलिनही. ब्रिग्ज यांनी काम दोन भोंग्यांत वाटलं आणि मध्ये क्रॉसओव्हर टाकला.

पुढे त्यांनी जे केलं, ते कुठल्याही दुकानदाराला वेडेपणाच वाटेल. १९४८पासून त्यांनी पुस्तकं लिहून सगळी विद्या लोकांसमोर मांडली. सर्किट, खोकी, सगळं साध्या भाषेत. गिऱ्हाईक स्वतःच बनवायला लागलं तर आपला माल कोण घेणार, ही भीती त्यांनी धरली नाही. उलट त्यांचे सुटे भोंगे नेऊन लोक घरी खोकी ठोकू लागले. ब्रिग्ज तर प्लायवुडच्या दोन थरांमध्ये वाळू भरायचे. थरथर कमी, खर्चही कमी.

हिशेबही सोपा. त्या काळच्या १५ ओहमच्या ट्विटरला ४ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला, की साधारण २,६५० हर्ट्झच्या खालचा आवाज हळूहळू अडायला लागतो.

१९५४ साली त्यांनी लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल घेतला. अ‍ॅम्प्लिफायर क्वाडच्या पीटर वॉकर यांचे. एकदा खरा वादक, एकदा त्याचंच रेकॉर्डिंग, तेही भरल्या सभागृहात. फरक ढळढळीत दिसला असता तर वीसेक वर्षांची पत तिथेच गेली असती. पण प्रयोग गाजला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही झाला.

१९५८ साली कंपनी रँक समूहाने घेतली, १९६५ साली ब्रिग्ज निवृत्त झाले आणि १९७८ साली गेले.

त्या काळचे व्हार्फडेल आजही शौकीन शोधून आणतात. भोंगे अनेकदा ठणठणीत असतात, जुने कंडेन्सर मात्र बिघडलेले. तेवढेच त्याच किमतीचे, म्हणजे तितक्याच मायक्रोफॅरडचे, नवे बसवायचे. कॉइलला सहसा हातही लावावा लागत नाही.