पोपटांचे चित्रकार एडवर्ड लिअर

इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअर यांचा जन्म १८१२ साली लंडन येथे झाला. बालपणापासून त्यांना अपस्माराचा विकार होता. तो त्यांनी जन्मभर लपवला. उदासीनताही त्यांना वारंवार ग्रासत असे. थोरली बहीण अ‍ॅन हिने त्यांना वाढवले आणि चित्रकलेची गोडी लावली. पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून चित्रे काढण्याची रीत रूढ असताना लिअर यांनी १८३० पासून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत पोपट न्याहाळून रंगवले. १८३२ पर्यंत त्यांची ४२ चित्रे प्रसिद्ध झाली. त्यांतून धनलाभ झाला नाही, मात्र विसाव्या वर्षीच नावलौकिक लाभला. कामात गढले की मनावरचे मळभ विरते, हा अनुभव त्यांना आयुष्यभर आला. साठी उलटल्यावरही १८७३ ते १८७५ या काळात त्यांनी भारतभर फिरून निसर्गचित्रे रेखाटली. १८८८ साली इटलीत त्यांचे निधन झाले. ब्राझीलमधील एक निळा पोपट आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.