एका बदनामीनंतरची पन्नास वर्षं

गॅदरिंगच्या नाटकात नाव दिलं, की अमरावती असो नाहीतर अकोला, घरी पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे कशाला आता? तुम्हालाही तो ऐकावा लागला असेल, तर दुर्गा खोटेंची गोष्ट वाचाच. ‘मुघल-ए-आझम’मध्ये नवरा आणि मुलगा यांच्या भांडणात भरडली जाणारी जोधाबाई आठवते ना? त्याच त्या.

जन्म १४ जानेवारी १९०५चा, मुंबईच्या सुखवस्तू लाड कुटुंबातला. सेंट झेवियर्समध्ये शिक्षण, लग्नही श्रीमंत घरात. पण सासरची श्रीमंती ओसरली. पदरात दोन लहान मुलं. पैशांची गरज होती, म्हणून १९३१मध्ये त्यांनी ‘फरेबी जाल’मध्ये छोटं काम केलं. चांगल्या घरच्या बाईनं सिनेमात जाणं तेव्हा लाजिरवाणं समजलं जायचं. त्यात सिनेमाही सुमार निघाला. वाट्याला आली ती फक्त बदनामी.

तुम्ही असता तर तिथेच थांबला असता? त्या थांबल्या नाहीत. व्ही. शांताराम यांनी ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामतीची भूमिका दिली. १९३२चा हा प्रभातचा पहिला बोलपट. प्लेबॅक नव्हतंच, गाणीही स्वतःच म्हणायची! सिनेमा गाजला आणि नावं ठेवणाऱ्यांची तोंडं बंद झाली. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, तरी काम सुरूच राहिलं. ‘अमर ज्योती’त (१९३६) तर त्या चक्क समुद्रावरची बंडखोर चाची झाल्या. नट-नट्या एकाच स्टुडिओला बांधलेले असायचे, त्या काळात दुर्गाबाई वेगवेगळ्या कंपन्यांत काम करायच्या. १९३७मध्ये ‘साथी’ची निर्मिती आणि दिग्दर्शनही त्यांनीच केलं.

सिनेमात नाव झालं म्हणून रंगभूमी सोडली नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्या उभ्या राहिल्या. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मधली त्यांची भूमिका नावाजली गेली. पुढे ‘बॉबी’तली प्रेमळ आजी, ‘बिदाई’साठी फिल्मफेअर, १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार. ‘वागले की दुनिया’ ही दूरदर्शनची मालिकासुद्धा त्यांच्याच कंपनीची. २२ सप्टेंबर १९९१ला त्या गेल्या.

लक्षात घ्या, त्यांची सुरुवात हौसेनं नाही, गरजेतून झाली, आणि पहिलं पाऊल सपशेल चुकलं होतं. फरक पडला तो दुसऱ्या पावलानं. तेव्हा पहिली एकांकिका पडली, तर तालमीला जाणं बंद करू नका.