दोन ऑलिंपिक महायुद्धानं खाल्ली, तरी रेल्वेतल्या किशनलाल यांनी ३१व्या वर्षी सोनं आणलंच

२०१८ च्या १५ ऑगस्टला अक्षय कुमारचा 'गोल्ड' आला आणि १९४८ चं लंडन ऑलिंपिक पुन्हा चर्चेत आलं. पिक्चरमध्ये खेळाडूंची नावं बदललेली होती आणि गोष्टीत मीठमसालाही भरपूर होता. त्यामुळे थिएटरातून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच जणांना हे कळलंच नाही, की त्या संघाचा खरा कॅप्टन मुंबईत रेल्वेच्या नोकरीत होता.

त्यांचं नाव किशनलाल.

जन्म २ फेब्रुवारी १९१७ चा, गाव महू. महू म्हटलं की आपल्याला बाबासाहेबांचं जन्मस्थान आठवतं. होळकरांच्या मुलखातली ही इंग्रजांची लष्करी छावणी. छावणी असल्यामुळे मैदानं होती, घोडे होते, पोलो होता. किशनलाल यांना लहानपणी ओढ होती ती पोलोची. पण पोलोला घोडा लागतो आणि हॉकीला काठी पुरते. चौदाव्या वर्षाच्या आसपास ते हॉकीकडे वळले आणि दोनेक वर्षांतच महूच्या संघातून खेळायला लागले. पुढे टीकमगडच्या भगवंत क्लबनं त्यांना बोलावलं. तेव्हाच्या हॉकीत या क्लबचा चांगलाच दबदबा होता.

इथे थोडं थांबून तेव्हाची रीत समजून घ्यायला हवी. त्याच काळात कॅनडा-अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीचे खेळाडू खेळण्याचा पगार घ्यायचे. आपल्याकडे तसं काही नव्हतं. ऑलिंपिकला तर फक्त हौशी खेळाडूच चालायचे. मग घर कसं चालायचं? संस्थानिक, गिरण्या, फौज, पोलीस आणि रेल्वे चांगल्या खेळाडूंना नोकरी द्यायचे. कागदावर तो कर्मचारी, हौशी खेळाडू. प्रत्यक्षात नोकरी मिळालेली असायची ती काठीतल्या कसबामुळे. ही सोय सगळ्यांनाच माहीत होती आणि सगळ्यांनाच चालत होती.

१९४१ मध्ये किशनलाल बीबीसीआय रेल्वेत, म्हणजे बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत लागले. आजची पश्चिम रेल्वे १९५१ मध्ये जी उभी राहिली, तिचा मोठा भाग हीच कंपनी. मुंबईत तेव्हा हॉकीचं वातावरण जबरदस्त होतं. आगाखान स्पर्धा तर १८९६ पासून चालत आलेली. गोव्याकडून आलेल्या कुटुंबांतली पोरं, अँग्लो-इंडियन, पंजाबी, सगळे या मैदानांवर भिडायचे.

किशनलाल उजव्या विंगला खेळायचे. तेव्हा पुढच्या फळीत पाच जण असत, त्यातला सगळ्यात उजवीकडचा हा खेळाडू. हॉकीच्या काठीची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूनं मारावा लागतो. त्यामुळे उजव्या कडेनं पळत जाऊन चेंडू आत डावीकडे टाकणं सोपं जातं, डावीकडून उजवीकडे टाकणं अवघड. साहजिकच हल्ल्याचा हमरस्ता उजवीकडून जायचा. पण यात एक मेख आहे. विंगवाला कडेनं धावायचा, बचाव फोडायचा आणि चेंडू मध्ये द्यायचा. गोल दुसऱ्याच्या नावावर लागायचा आणि पेपरात नावही त्याचंच यायचं. किशनलाल यांचं नाव आज ध्यानचंद किंवा बलबीर सिंग यांच्याइतकं ओठावर का नाही, याचं निम्मं उत्तर इथेच सापडतं.

उरलेलं निम्मं उत्तर महायुद्धात आहे. १९४० चं ऑलिंपिक रद्द झालं, तेव्हा किशनलाल २३ वर्षांचे होते. १९४४ चंही रद्द झालं, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. विंगवर धावणाऱ्या माणसाचं हेच खरं वय. ध्यानचंदना १९२८, १९३२ आणि १९३६ अशी सलग तीन ऑलिंपिक मिळाली, किशनलाल यांच्या वाट्याला ऐन भरात एकही आलं नाही.

१९४७ च्या अखेरीस ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली संघ पूर्व आफ्रिकेला गेला, त्यात किशनलाल होते. पुढच्या वर्षी लंडनला जाणाऱ्या संघाचे ते कॅप्टन झाले. वय ३१, आणि तेही पहिलंच ऑलिंपिक. व्हाइस कॅप्टन होते के. डी. सिंग 'बाबू'.

संघ तरी कुठला? फाळणीनं हॉकीचं पंजाब मधोमध चिरलं होतं. १९३६ मध्ये भारताकडून खेळलेले अली दारा आता पाकिस्तानचे कॅप्टन होते. अशा वेळी मुंबई धावून आली. लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ ही संघातली सगळी मुंबईची माणसं.

लंडनमध्ये भारतानं ऑस्ट्रियाला ८-०, अर्जेंटिनाला ९-१ आणि स्पेनला २-० असं हरवलं. सेमीफायनलला हॉलंडनं मात्र घाम फोडला, तो सामना २-१ असा जेमतेम निघाला. फायनलला समोर होता ब्रिटन. आधीच्या तिन्ही वेळा भारतानं सोनं नेलं, तेव्हा ब्रिटन हॉकीत उतरलाच नव्हता. त्यामुळे ऑलिंपिकमध्ये ही गाठ पहिल्यांदाच पडत होती.

१२ ऑगस्ट १९४८, वेम्बली. पावसानं मैदान जड झालं होतं, चिखलात चेंडू अडत होता. भारतीयांचा खेळ सगळा छोट्या पासवर आणि मनगटावर, त्यामुळे असं मैदान ब्रिटनच्याच फायद्याचं. त्या सामन्याच्या वर्णनांत किशनलाल आणि बाबू बूट काढून अनवाणी खेळल्याचंही येतं. बलबीर सिंग यांनी दोन गोल केले, त्रिलोचन सिंग आणि पॅट जॅन्सन यांनी एकेक. ४-०. स्वातंत्र्याला वर्ष व्हायला तीन दिवस बाकी होते आणि इंग्रजांच्या राजधानीत तिरंगा वर चढत होता. स्वतंत्र भारताचं हे पहिलं ऑलिंपिक सोनं. कॅप्टनच्या नावावर फायनलमध्ये एकही गोल नाही.

१९५२ च्या हेलसिंकीला कॅप्टन बाबू होते. किशनलाल यांच्या खात्यात ऑलिंपिक एकच राहिलं.

त्यानंतरही ते रेल्वेतच राहिले. नवी पोरं हेरायची, त्यांना घडवायचं, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली, १९७६ मध्ये ते पश्चिम रेल्वेतून निवृत्त झाले. हॉकी मात्र सुटली नाही. मुरुगप्पा गोल्ड कपच्या वेळी ते मद्रासला गेले होते. तिथेच २२ जून १९८० ला, वयाच्या ६३व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.