आयर्टन सेना आणि माझी धडधड

१ मे म्हटलं की आपल्याला महाराष्ट्र दिन आठवतो. मला त्याच्या जोडीने इटलीतलं इमोला आठवतं. १ मे १९९४, रविवार. त्या दिवशी आयर्टन सेना गेला. (आडनावावरून गैरसमज नको, हा ब्राझीलचा. आपल्याकडच्या कुठल्याच सेनेशी त्याचा संबंध नाही!)

२००९ साली अबू धाबीत यास मरिना सर्किटवर पहिली शर्यत झाली आणि इथल्या आपल्या घरांतही फॉर्म्युला वन शिरलं. मुलांना हॅमिल्टन, वेरस्टॅपन तोंडपाठ. मी मात्र अजून सेनाचाच भक्त.

जन्म २१ मार्च १९६०, साओ पावलोचा. घर खाऊनपिऊन सुखी. चार वर्षांचा असताना वडिलांनी गवत कापायच्या मशीनचं इंजिन बसवून त्याला छोटी गाडी करून दिली. १९८१ साली तो इंग्लंडला आला, १९८३ ला ब्रिटिश फॉर्म्युला थ्री जिंकला आणि १९८४ ला टोलमन या लहानशा टीमकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. त्याच वर्षी मोनॅकोत धो धो पाऊस. भले भले घसरत होते आणि हा पठ्ठ्या तेराव्या जागेवरून थेट दुसरा! पुढे लोटस, मग मॅक्लारेन. १९८८, १९९० आणि १९९१ अशी तीन जगज्जेतेपदं, १६१ शर्यतींत ४१ विजय.

पण हाच माणूस १९९० साली जपानच्या सुझुकात पहिल्याच वळणावर अलॅन प्रोस्टच्या गाडीवर धडकला. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. दोघंही बाहेर, आणि जगज्जेतेपद सेनाला. ते मुद्दाम केलं होतं, हे त्याने पुढच्या वर्षी स्वतःच कबूल केलं. आदल्या वर्षी तिथेच दोघांची टक्कर झाली होती, तो राग होता, हे मान्य. तरी मला ते पटत नाही. मागून येणाऱ्या गाड्यांनी काय करायचं?

आणि मग १९९२ चं बेल्जियम. सरावात एरिक कोमास आपटला आणि गाडीतच बेशुद्ध झाला. इंजिन जोरात सुरू, आग लागायची भीती. सेनाने आपली गाडी थांबवली, धावत ट्रॅक ओलांडला, इंजिन बंद केलं आणि मदत येईपर्यंत कोमासचं डोकं धरून ठेवलं. माणूस तोच बरं का!

इमोलाला शुक्रवारी त्याचाच देशबंधू बारिकेलो भिंतीवर आदळला, पण वाचला. शनिवारी ऑस्ट्रियाचा रोलंड रात्झेनबर्गर गेला. शर्यतीच्या दिवसांत ड्रायव्हर दगावायची ही बारा वर्षांतली पहिलीच वेळ. सेना स्वतः त्या जागी जाऊन आला, फार हादरला होता. तरीही रविवारी तो गाडीत बसला. सातव्या लॅपला टांबुरेलोच्या वळणावर गाडी सरळ भिंतीकडे गेली. सस्पेन्शनचा तुकडा हेल्मेटमध्ये घुसला. वय अवघं ३४. गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. जिंकल्यावर तो रात्झेनबर्गरसाठी फडकवायचा होता म्हणे.

ब्राझीलने तीन दिवसांचा दुखवटा पाळला. त्याच्या बहिणीने त्याच वर्षी गरीब मुलांच्या शिक्षणासाठी त्याच्या नावाने संस्था काढली. टांबुरेलोचं वळण बदललं, नियम बदलले. २०१४ च्या सुझुकातल्या अपघातानंतर ज्यूल बियांकी गेला, आणि २०१८ पासून ड्रायव्हरच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाची टायटॅनियमची कमान आली. तेव्हा आम्ही जुने लोक नाकं मुरडत होतो, गाडी कशी दिसते म्हणून! २०२० मध्ये आपल्या शेजारच्या बहारीनला ग्रोजाँची गाडी कठडा फोडून दुभंगली, पेटली, आणि तो ज्वाळांतून चालत बाहेर आला. त्यानंतर नाक मुरडणारा मला कुणी भेटलेला नाही.

तरीपण धडक झाली की लोक उभे राहतातच. १२ डिसेंबर २०२१ ला यास मरिनावर, शेवटच्या काही लॅप्स उरलेल्या असताना लातिफीची गाडी भिंतीला लागली, तेव्हा मीही खुर्चीत नव्हतो. तो धडधाकट बाहेर आला, शेवटच्या लॅपला वेरस्टॅपन पुढे गेला आणि पहिल्यांदा जगज्जेता झाला. ती धडक नसती तर शर्यत तशी संपलीच होती. धोका अजिबात नसता तर मी पाहिली असती का शर्यत? बहुधा नाही. धोक्याने कुणी जावं असं वाटतं का? मुळीच नाही. दोन्ही खरं आहे.

घरी पोरं जुन्या शर्यती लावतात तेव्हा मोनॅकोचा पाऊस मी दहादा बघतो. इमोला लागलं की पाचव्या-सहाव्या लॅपला चहा टाकायला उठतो.