सह्याद्रीच्या ऑर्किडांचे फादर सांतापाव

ऑर्किड म्हटले की लग्नाच्या स्टेजवरची जांभळी, आठवडाभर टिकणारी फुले डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या सह्याद्रीतही आंब्या-जांभळाच्या सालीला चिकटून इवलीशी ऑर्किडे फुलतात. त्यांची ओळख पुस्तकरूपाने करून देणारा एक मोठा अभ्यासक स्पेनमधून आला होता. त्यांचे नाव फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव.

त्यांचा जन्म 1903 सालचा. येशूसंघाचे धर्मगुरू झाल्यावर त्यांनी लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि क्यू येथील जगप्रसिद्ध वनस्पतिसंग्रहात काम केले. 1940 मध्ये ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवू लागले. ऑर्किडांचा वारसा तिथे आधीपासून होता. फादर ब्लॅटर यांनी मॅक्कॅन यांच्यासह मुंबई इलाख्यातील ऑर्किडांवर लिहिले होते. तो धागा सांतापावांनी पुढे नेला.

त्यांची खरी प्रयोगशाळा होती खंडाळ्याचा डोंगर. एकच जागा, पण सगळे ऋतू, वर्षामागून वर्षे. त्यातून 1953 मध्ये खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आला. पुढे झेड. जे. कपाडिया यांच्यासह 1966 मध्ये मुंबई परिसरातील ऑर्किडांवरचा ग्रंथ सिद्ध झाला. पाचगणीच्या नावाची हॅबेनारिया पाचगणिएन्सिस ही जमिनीवरची ऑर्किड याच जोडीने शास्त्राला दिली.

दरम्यान 1954 मध्ये ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि पुढे संचालक. 1967 मध्ये पद्मश्री मिळाली. 1970 च्या जानेवारीत मुंबईतच त्यांनी देह ठेवला. सांतापौआ या वनस्पती-प्रजातीला त्यांचेच नाव दिले गेले.

वर्षभर पाहण्याच्या या शिस्तीतून घरच्या बागेलाही धडा मिळतो. डेन्ड्रोबियम बार्बाट्युलम पावसाळ्यानंतर पाने गाळते आणि निष्पर्ण काडीवर पांढरी फुले धरते. पाने गळाली म्हणून रोप मेले समजून कुणी पाणी ओतत राहिले, तर मुळे कुजतात. त्याच्या विश्रांतीच्या काळात पाणी कमी, पावसाळ्यात भरपूर, हा जंगलाचाच नियम.

मग मानोऱ्यासारख्या वाशीम जिल्ह्यातल्या गावात, जिथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, थंड हवेतले ऑर्किड जगेल का? कठीणच. त्याला धुके आणि गार रात्र लागते. हौस असेल तर रोपवाटिकेतलेच रोप आणावे. कुंडीत माती न घालता कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे घालावेत, सकाळचे कोवळे ऊन द्यावे आणि उन्हाळ्यात कुंडीखाली ओल्या वाळूचे ताट ठेवावे. त्यापेक्षा उन्हाला सरावलेली वांडा टेसेलाटा बरी; ती कोरड्या भागातल्या झाडांवरही तग धरते.

जंगलातून मात्र उपटून काही आणू नये. ऑर्किडाचे बी धुळीसारखे बारीक असते आणि रुजण्यासाठी त्याला विशिष्ट बुरशीची साथ लागते. त्यामुळे फांदीवरून खरवडलेल्या रोपाची जागा सहजी भरून निघत नाही. सांतापावांनी ज्यांची नावे कागदावर आणली, ती फुले झाडांवरही राहावीत, एवढे तरी आपल्या हाती आहे.