विश्लेषण : दोन वर्षे नांगर विकला गेला नाही, तरी लक्ष्मणराव किर्लोस्कर मागे का हटले नाहीत?

शेतातला पंप असो वा डिझेल इंजिन, किर्लोस्कर हे नाव महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नवे नाही. मात्र या उद्योगाची सुरुवात एका सायकल दुकानातून झाली आणि त्याचे संस्थापक मुळात चित्रकार होण्यासाठी मुंबईत आले होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या वाटचालीतून आजच्या उद्योजकांना काय शिकता येईल?

चित्रकला का सोडली?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी तत्कालीन बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना त्यांना काही रंग नीट ओळखता येत नसल्याचे लक्षात आले. रंगकाम थांबले, पण यांत्रिक आरेखन त्यांनी सुरूच ठेवले. त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचे व्हीजेटीआय) ते शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले. तिथे बंधू रामूअण्णा यांच्यासोबत त्यांनी सायकलचे दुकान थाटले होते. हाच रस्ता आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

नांगर का खपत नव्हता?

सायकलीनंतर कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला. लाकडी नांगर जमीन फक्त उकरतो, तर लोखंडी नांगर ती खोलवर उलटीपालटी करतो. तांत्रिकदृष्ट्या तो सरस होता. पण लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

इथे दोष ग्राहकाला देणे सोपे होते. पण ज्याचे वर्षभराचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, तो अनोळखी अवजारावर सहज पैसे लावणार नाही. लक्ष्मणरावांनी नांगर मोडीत काढला नाही. विश्वास बसेपर्यंत वाट पाहिली. पुढे हाच नांगर त्यांच्या उद्योगाची ओळख ठरला.

किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?

नांगराला बाजार मिळू लागला आणि संकट दुसरीकडून आले. शहराच्या विस्तारासाठी बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. अशा वेळी औंध संस्थानच्या राजांनी जमीन आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. ही जमीन कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड माळरान होती. आज हा भाग सांगली जिल्ह्यात येतो.

१० मार्च १९१० रोजी तिथे कारखान्याची पायाभरणी झाली. सोबत २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे होती. त्यामुळे कारखान्याबरोबर गावही वसवावे लागले. या वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी होती. रात्रीच्या राखणीसाठी तर लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांची नेमणूक केली. ज्यांच्यावर गाव संशय घेत होते, त्यांच्याच हाती कारखाना सोपवणे हा मोठा धोका होता. चूक झाली असती तर सगळे नुकसान त्यांचेच होते.

पुढे काय झाले?

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी स्थापन झाली. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप अशी उत्पादने वाढत गेली. अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून परतलेले पुत्र शंतनुराव यांनी विस्ताराची धुरा सांभाळली. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या हिंसाचारात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना त्याच जागी पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या उद्योजकांसाठी धडा कोणता?

उत्पादन चांगले असणे पुरेसे नसते. ग्राहकाची भीती समजून घ्यावी लागते आणि तोवर टिकून राहावे लागते. दुसरा धडा माणसांचा आहे. बेळगाव सुटले तेव्हा लक्ष्मणरावांकडे स्वतःची जागा नव्हती, तरी २५ कुटुंबे त्यांच्यामागे ओसाड माळावर आली. पगार किंवा पद दाखवून अशी सोबत मिळत नाही. ती आधीच्या अनेक वर्षांच्या वागण्यातून मिळते.